बिल्ड साधने आणि चाचण्यांचा वेग (अनेक मॉड्यूलचे प्रकल्प)

बिल्ड साधन म्हणजे लिहिलेला कोड कम्पाइल करून (म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलून), त्याच्या चाचण्या चालवून वापरायोग्य सॉफ्टवेअर बांधून देणारा प्रोग्रॅम. प्रकल्प लहान असेल तर कोणतेही साधन चालून जाते. तो वीस-तीस मॉड्यूलमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे बांधता येणाऱ्या भागांत, विभागला गेला की निवड जपून करावी लागते, कारण एक ओळ बदलल्यावर किती चाचण्या पुन्हा चालणार हे बऱ्याच अंशी साधनावर ठरते. प्रत्येक वेळी अर्धा तास थांबावे लागले तर माणूस चाचण्या चालवणेच टाळतो आणि चुका पुढे सरकतात.

जे बदलले नाही ते पुन्हा बांधू नये, ही कल्पना जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये लिहिलेले ‘मेक’ फाइलींच्या वेळा ताडून पाहते आणि मूळ फाइल नवी असेल तरच काम पुन्हा करते.

जावा भाषेतील मेव्हन या बिल्ड साधनाची १.० आवृत्ती २००४ मध्ये आली. कम्पाइल, टेस्ट, पॅकेज, इन्स्टॉल हे त्याचे टप्पे ठरलेले असल्याने नवा माणूसही कोणत्याही मेव्हन प्रकल्पात लगेच रुळतो. मात्र चाचण्यांचे मागचे निकाल मेव्हन स्वतःहून लक्षात ठेवत नाही. प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमधून टेस्ट चालवली की सगळी मॉड्यूल तपासली जातात. समजा, दुकानाच्या प्रकल्पात ‘कर’, ‘बिल’, ‘साठा’ आणि ‘वेब’ अशी चार मॉड्यूल आहेत. बिल करावर अवलंबून आहे, वेब बिल व साठ्यावर. कर मॉड्यूलमधली पैसे पूर्णांकात आणण्याची ओळ बदलली आणि ‘पीएल’ (-pl, ठरावीक मॉड्यूल निवडण्याचा) पर्याय देऊन फक्त बिलाच्या चाचण्या चालवल्या, तर मेव्हन कराची जार (मॉड्यूलची बांधून तयार झालेली फाइल) होम फोल्डरमधल्या स्थानिक रिपॉझिटरीतून, म्हणजे अशा फाइलींच्या साठ्यातून, उचलतो. तिथे मागच्या इन्स्टॉलची जुनी जार पडलेली असते. चाचण्या हिरव्या, म्हणजे पास झालेल्या, दिसतात, पण तपासला गेलेला असतो कालचा कोड. ही चूक फार फसवी आहे. त्याऐवजी कर मॉड्यूल निवडून ‘एएमडी’ (-amd, निवडलेल्यावर अवलंबून असलेली मॉड्यूलही घेण्याचा पर्याय) जोडावे. मग कर, बिल आणि वेब तपासले जातात, साठा वगळला जातो.

ग्रेडल हे दुसरे साधन (१.० आवृत्ती २०१२) हीच निवड आपण न सांगता करते. प्रत्येक कामात काय जाते आणि त्यातून काय निघते याचे ठसे ते जपते आणि ठसा तोच असेल तर ‘अप-टू-डेट’ म्हणून पुढे जाते. २०१७ च्या ३.५ आवृत्तीपासून बिल्ड कॅश, म्हणजे आधीचे निकाल पुन्हा वापरण्यासाठी जपण्याची सोय, आली. सर्व्हरवर झालेल्या चाचणीचा निकाल सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरही वापरता येऊ लागला. वरच्या उदाहरणात फक्त कर मॉड्यूलमधल्या मेथडच्या (कोडमधल्या एका नावाच्या कृतीच्या) आतला कोड बदलला असेल, तर बिल पुन्हा कम्पाइलही होत नाही. त्याच्या चाचण्या मात्र चालतात, आणि तेच बरोबर आहे.

गूगलने आपल्या ‘ब्लेझ’ या अंतर्गत साधनावरून बेझल हे बिल्ड साधन २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले केले. सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकीच्यापासून वेगळ्या केलेल्या जागेत, चालणाऱ्या चाचणीला प्रकल्पातल्या जाहीर न केलेल्या फाइली दिसतच नाहीत, म्हणून त्याच्या कॅशवर अधिक विसंबता येते. त्याची किंमत म्हणजे प्रत्येक अवलंबित्व बिल्ड फाइलमध्ये नेमके मांडणे. अनेक प्रोग्रॅमिंग भाषांतला कोड एकाच सामायिक कोड-साठ्यात असलेल्या मोठ्या संस्थेला हे परवडते. पाच जणांच्या टीमला सहसा नाही. तिने आधीचे मेव्हन नीट वापरावे किंवा ग्रेडलकडे जावे. स्काला भाषेच्या एसबीटी या बिल्ड साधनामधले ‘टेस्टक्विक’ मागच्या वेळी नापास झालेल्या, अजून न चाललेल्या आणि बदलाची झळ लागलेल्या चाचण्याच चालवते. रोजच्या कामात ही सोय फार मोलाची आहे.

कॅश वापरायची तर चाचणी बाहेरच्या जगावर विसंबलेली नसावी. बिलाची मुदत तपासणारी चाचणी आजची तारीख घड्याळातून घेत असेल, तर कॅशमधला कालचा हिरवा निकाल आज खोटा असू शकतो. तारीख चाचणीतच ठरवून द्यावी.

बहुतेक प्रकल्पांत एक ‘कॉमन’ मॉड्यूल असते. तारखा, स्ट्रिंग, डेटाबेस, सगळे त्यात टाकलेले असते आणि बाकी प्रत्येक मॉड्यूल त्यावर टेकलेले असते. त्यात ओळ बदलली की मॉड्यूलच्या पातळीवर हिशेब ठेवणारे साधन प्रकल्पभरच्या चाचण्या चालवणारच. साधन बदलण्याआधी हे मॉड्यूल फोडावे: तारखांचे वेगळे, डेटाबेसचे वेगळे. मग तारखांमधला बदल तारखा वापरणाऱ्या मॉड्यूलपाशीच थांबतो.