वय झालं, पेजेवर भागतं?

‘आता काय, पेज-ताकावर भागतं त्यांचं,’ सोलापुरात कित्येक घरांत आजी-आजोबांबद्दल हे मायेनंच म्हटलं जातं. पण ते अर्धंच खरं आहे. साठीनंतर उष्मांक कमी लागतात. प्रथिनं मात्र वजनाच्या दर किलोला रोज १ ते १.२ ग्रॅम हवीत. ५० किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम! ती पोटात गेली नाहीत की स्नायू झिजतात, उठता-बसता तोल जातो. दात नाहीत? कडक भाकरी घट्ट आमटीत कुस्करा, शेंगाचटणी बिनतिखटाची करून दह्यात कालवा. अंडंही द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. आणि उन्हाळ्यात पाणी मागायची वाट पाहू नका, वयाबरोबर तहानेची जाणीवच मंदावते.