संस्थात्मक जैवसुरक्षा समिती

संस्थात्मक जैवसुरक्षा समिती : विद्यापीठे, संशोधन संस्था व उद्योग यांच्या प्रयोगशाळांत जनुकीय फेरफार केलेल्या सजीवांवर किंवा घातक सूक्ष्मजीवांवर होणारे काम तपासणारी व त्यावर देखरेख ठेवणारी, त्या त्या संस्थेतच स्थापन होणारी समिती. भारतात पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली डिसेंबर १९८९ मध्ये निघालेल्या नियमांनी ती बंधनकारक झाली.

संस्थाप्रमुख, डीएनए-संशोधन करणारे शास्त्रज्ञ, एक वैद्यकीय तज्ज्ञ आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी असे तिचे सदस्य असतात. एकाच आवारातल्या सहकाऱ्यांनी एकमेकांचे प्रस्ताव तपासायचे असल्याने या बाहेरच्या प्रतिनिधीचे प्रश्न सर्वांत मोलाचे ठरतात. त्याची केवळ सही घेऊन बैठक उरकली, तर देखरेख कागदावरच राहते. अधिक जोखमीचे प्रस्ताव समितीमार्फत ‘आरसीजीएम’ (रिव्ह्यू कमिटी ऑन जेनेटिक मॅनिप्युलेशन) या जनुकीय फेरफारांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या केंद्रीय समितीकडे जातात.

सूक्ष्मजीवांचे चार जोखीम गट आणि प्रयोगशाळांचे चार जैवसुरक्षा स्तर (चौथा सर्वांत कडक) मानले जातात, पण गटावरून स्तर आपोआप ठरत नाही. क्षयाच्या संशयित रुग्णाची थुंकी काचपट्टीवर तपासणे आणि त्याच जंतूंचे संवर्धन करणे, म्हणजे ते प्रयोगशाळेत वाढवणे, यांत मोठा फरक आहे, कारण संवर्धनात जंतूंची संख्या अनेक पटींनी वाढते व हाताळताना त्यांचे सूक्ष्म तुषार हवेत मिसळू शकतात. म्हणून अशा संवर्धनासाठी तिसऱ्या स्तराची व्यवस्था लागते. चौथ्या स्तराची प्रयोगशाळा पुण्यात पाषाण येथे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे आहे.

परवानगीनंतरची देखरेख अधिक कष्टाची असते. ऑटोक्लेव्ह या दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या तबकडीवर १२१ अंश सेल्सिअस दिसले, तरी कचऱ्याने गच्च भरलेल्या पिशवीच्या मध्यापर्यंत वाफ पोचली की नाही हे कळत नाही. त्यासाठी उष्णतेला दाद न देणाऱ्या जीवाणू-बीजाणूंची पट्टी पिशवीत ठेवून ते मेल्याची खात्री करावी लागते. जैवसुरक्षा कक्षातील (जंतू हाताळण्याच्या बंदिस्त कपाटातील) हवेचा प्रवाह व गाळण्याही ठरावीक काळाने तपासाव्या लागतात.

धोका प्रयोगशाळेच्या दाराशी थांबत नाही. १९७८ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठातील वैद्यकीय छायाचित्रकार जॅनेट पार्कर देवीच्या रोगाने दगावल्या. देवीच्या विषाणूशी त्यांच्या कामाचा संबंध नव्हता. त्यांची काम करण्याची जागा त्या विषाणूवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर होती, आणि विषाणू तिथवर कसा पोचला याचा निर्विवाद उलगडा आजवर झालेला नाही. भारतीय नियमांनुसार संस्थेने समितीच्या साहाय्याने आवारापुरता आपत्कालीन आराखडा तयार ठेवायचा असतो आणि मागणीनुसार त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीला द्यायची असते.