सायकल जमते, चालणं जमत नाही

आमचे मामा रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जायचे, पण वर्षभर झालं, पाच-दहा मिनिटं चाललं की दोन्ही पाय जड, मुंग्या, मग कट्ट्यावर टेकायचं, जरा पुढं वाकून बसलं की बरं वाटायचं आणि उठून चालायला लागलं की परत तेच. घरी सगळे म्हणाले वय झालं. पण गंमत बघा, हेच मामा सायकलवरनं कपिलतीर्थ मार्केटला जाऊन भाजी घेऊन यायचे, पाय अजिबात कुरकुरायचे नाहीत!

डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं, सायकल मारता येते का? मग एमआरआय, आणि रिपोर्टवर ‘लंबर कॅनल स्टेनोसिस’.

ग्रीकमध्ये स्टेनोस म्हणजे अरुंद. शॉर्टहँडवाला स्टेनो पण त्यातलाच, आखूड लिहिणारा. शरीरातली कुठलीही वाट नको तेवढी अरुंद झाली की स्टेनोसिस. मामांच्या कमरेत नसा जातात ती पोकळी आवळली होती, वयानं चकती फुगते, मणक्यांचे सांधे वाढतात, मागचा लिगामेंट, म्हणजे मणके बांधून ठेवणारा पट्टा, जाड होतो. ताठ उभं राहिलं की तो लिगामेंट आत घडी पडून नसांवर दाबतो, वाकलं की ताणला जातो आणि जागा होते. सायकलवर माणूस वाकलेलाच असतो ना. पायाची रक्तवाहिनी अरुंद असती तर सायकलवरपण पोटऱ्या दुखल्या असत्या, कारण तिथं स्नायूला रक्तच कमी पडतं, आणि तेव्हा नुसतं उभं राहिलं तरी थांबतं, वाकायला लागत नाही.

रक्ताच्या वाटेचं गणित तर लई वाईट. महाद्वार रोड अर्धा अडवला तर गाड्या साधारण अर्ध्या जातील, पण नळीची त्रिज्या अर्धी झाली तर तेवढ्याच दाबाला प्रवाह 16 पट कमी! हृदयाची महाधमनीची झडप साधारण 3 ते 4 चौरस सेंटिमीटर उघडते, 1 च्या खाली आली की डॉक्टर सिव्हिअर म्हणतात, मग चढ चढताना दम, छातीत दुखणं, चक्कर. तान्ह्या बाळातपण जठराचं तोंड आवळतं, दूध पिलं की उलटी लांब उडते.

मामांचं ऑपरेशन लगेच नको म्हणाले, आधी व्यायाम. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा पायातली ताकद गेली तर मात्र त्याच दिवशी या, असं दोनदा बजावलं.

आता मामा रंकाळ्यावर सायकल घेऊनच जातात. बसत नाहीत, हँडलवर वाकून ढकलत चालतात. लोक विचारतात, पंक्चर झाली का ओ?