'कोयता गँग' नावाची टोळी आहे कुठे?

'पुणं पूर्वीसारखं राहिलं नाही' ही तक्रार इथली जुनीच. ज्येष्ठांच्या तोंडी तिचा हिशेब बहुधा १९७६-७७ पासून सुरू होतो. जोशी-अभ्यंकर हत्याकांड: सव्वा वर्षात दहा खून, आणि करणारी निघाली कॉलेजातली पोरं. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडायचे. चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली, तो विषय तिथं मिटला.

पुढं हिंजवडी-मुळशीच्या जमिनींना भाव आला, टोळ्या उभ्या राहिल्या, मुडदे पडले. पेठांत आणि कोथरूडच्या सोसायट्यांत त्यावर ठरलेलं उत्तर असायचं: 'त्यांचं त्यांच्यात चाललंय.' २००७ मध्ये कामावर निघालेल्या बीपीओतल्या तरुणीचा बलात्कार करून खून झाला, कंपनीच्याच कॅबच्या चालकाने साथीदारासह केलेला. तेव्हा हे उत्तर पहिल्यांदा अपुरं पडलं. मग २०१० चा जर्मन बेकरीतला आणि २०१२ चे जंगली महाराज रस्त्यावरचे बॉम्बस्फोट. त्यानंतर चौकाचौकांत कॅमेरे आले, पाठोपाठ दुकानांनी आणि सोसायट्यांनीही लावले.

'कोयता गँग' हा शब्द या कॅमेऱ्यांशिवाय इतका पसरला नसता. २०२२ च्या अखेरीस सिंहगड रस्त्याच्या बाजूला दोघांनी दिसेल त्याच्यावर कोयते उगारले, त्याची चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर पोचली. त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनातही हा विषय निघाला. पोलिसांचं म्हणणं, अशा नावाची एक टोळी अस्तित्वातच नाही. ते खरंही आहे. म्होरक्या नाही, हद्द नाही, खंडणीचा धंदा नाही. कुठं चार पोरं भांडणातून उठतात, कुठं दोघं 'भाईगिरी'साठी रस्त्यावरच्या गाड्या फोडतात. पण ज्याची रिक्षा फुटली त्याला टोळीची व्याख्या ऐकवून काय उपयोग? पकडलेली पोरं अठराच्या आतली असली की प्रेसनोटमध्ये 'विधिसंघर्षग्रस्त बालक' होतात, बातमीत 'गँग'. दोन्ही शब्दांतून मूळ मुलगा कोण, कुठल्या वस्तीतला, शाळा कधी सुटली, हे कळत नाही.

गोंधळ हत्याराचाही आहे. कोयता उसाच्या फडातला, शहाळेवाल्याच्या गाडीवरचा. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा. २०२३ च्या सुरुवातीला तो घेणाऱ्याकडून आधार कार्ड मागायचं ठरलं. नोंद झाली ती शेतकऱ्याची. आरोपींची त्यांच्याच वस्तीतून धिंड काढण्याचा प्रकारही लोकांनी उचलून धरला. कायद्यात ती कुठं बसते, हे विचारणारे थोडे. आमच्या मते बरोबर होते ते हेच थोडे लोक.

जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. तिला वाचवलं स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी. हल्लेखोर एकटा, तिच्या ओळखीचा, एकतर्फी प्रेमातून आलेला. तरी चर्चेत 'कोयता गँग'च राहिली.

२०२४ मध्ये शहराच्या कडेच्या भागांत सात नवी पोलीस ठाणी झाली: आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ. फेब्रुवारी २०२५ मध्ये पहाटे एसटीच्या उभ्या बसमध्ये तरुणीवर बलात्कार झाला तो मात्र भर शहरात, स्वारगेटला. तिथलं ठाणं जुनंच, आगारापासून हाकेच्या अंतरावर.