लायगोच्या आधी, ग्रहयानांच्या संदेशांवर

औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा होणार, हे ठरल्यापासून हिंगोलीच्या बातम्यांतही आइन्स्टाइनचे नाव येऊ लागले. 2023 मध्ये केंद्राने त्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. लायगो कृष्णविवरांच्या टकरींतून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपते, म्हणजे गुरुत्व जिथे प्रचंड आहे तिथे आइन्स्टाइनचा गुरुत्वाचा सिद्धांत तपासते. सूर्याजवळच्या सौम्य गुरुत्वात ही तपासणी आधीपासून चालू आहे, आणि तीही बहुतेक वेळा दुसऱ्याच कामाला निघालेल्या यानांवर.

1964 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विन शापिरो यांनी सुचवले की आइन्स्टाइनचे खरे असेल, तर सूर्याजवळून जाणाऱ्या रडारलहरीला त्याच्या गुरुत्वामुळे परत यायला किंचित जास्त वेळ लागला पाहिजे. किंचित म्हणजे फार तर 200 मायक्रोसेकंदांच्या आसपास. बुध-शुक्रावर रडार सोडून दशकअखेरीस हा उशीर सापडलाही. पण ग्रहाचा पृष्ठभाग उंचसखल, त्यामुळे प्रतिध्वनी पसरट येई. यान मात्र संदेश पकडून नेमका परत पाठवते. म्हणून मंगळाकडे पाठवलेली मरिनर 6 आणि 7 ही याने वापरली. तिथे वेगळीच अडचण निघाली. 200 मायक्रोसेकंदांत प्रकाश 60 किलोमीटर जातो, आणि सूर्यप्रकाशाच्या दाबाने, स्वतःच्या वायूच्या फवाऱ्यांनी यान सारखे ढळत असते. ते नेमके कुठे आहे हेच धड माहीत नसेल, तर उशीर कशाच्या आधारे मोजणार?

व्हायकिंग यानांनी हे सोडवले. 1976 मध्ये ती याने मंगळावर उतरली होती. दावणीला बांधलेल्या जनावरासारखी जागची हलणार नव्हती. त्याच नोव्हेंबरात मंगळ सूर्यापलीकडे गेला आणि सिद्धांत हजारात एक इतक्या काटेकोरपणे जुळला. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो हे दाखवणाऱ्या 1919 च्या ग्रहणाच्या वेधांचे जेवढे कौतुक होते, त्याच्या पावपटही या मोजणीचे झाले नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

अडचण उरली ती प्रभामंडलाची, म्हणजे सूर्याभोवतीच्या विरळ वातावरणाची. तिथला विद्युतभारित वायूही रेडिओलहरींना उशीर लावतो. मात्र हा उशीर लहरीच्या कंप्रतेनुसार, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येनुसार, बदलतो; गुरुत्वामुळे होणारा बदलत नाही. तेव्हा एकाच वेळी वेगवेगळ्या कंप्रता वापरल्या की वायूचा हिशेब वजा करता येतो. शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानावर जून 2002 मध्ये हेच केले गेले. बर्टोटी, इएस आणि टोर्टोरा या इटालियन संशोधकांनी उशिराऐवजी लहरीच्या कंप्रतेतला बदल मोजला. 2003 मध्ये निकाल आला: लाखात सुमारे दोन इतक्या अनिश्चिततेपर्यंत आइन्स्टाइन बरोबर.

2018 मध्ये बुधाकडे निघालेल्या बेपीकोलंबोवर यापुढे जाण्यासाठी खास रेडिओयंत्रणा बसवलेली आहे.