कॅटरिना: भिंतीवरची रेघ आणि परतीची वाट

2005 च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्समध्ये मिसिसिपी नदीच्या काठावरून उत्तरेकडे, पॉन्चरट्रेन सरोवराच्या दिशेने कुणी चालत निघालं, तर घरांच्या भिंतींवर एक तपकिरी रेघ दिसायची. नदीलगतच्या जुन्या फ्रेंच क्वार्टरमध्ये ती नव्हतीच. थोडं पुढे गेलं की ती पायरीपाशी सुरू व्हायची, मग गुडघ्याएवढी, मग खिडकीच्या चौकटीवर चढलेली आणि सरोवराजवळच्या काही घरांना थेट वळचणीखाली. पाणी जिथे दिवसेंदिवस थांबून राहिलं, तिथे तेल, चिखल आणि मैल्याची साय भिंतीला धरून बसली होती. शहर पूर्ण कोरडं करायला ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला.

त्या ऑगस्टमधल्या कॅटरिना वादळातून वाचलेल्यांचं पुढे काय झालं हे समजून घ्यायचं तर या रेघेपासून सुरुवात करावी लागते. ती कुठे उमटणार, हे वादळाला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी ठरत आलं होतं.

1718 मध्ये ब्यँव्हिल या फ्रेंच अधिकाऱ्याने शहर वसवलं ते नदीने शतकानुशतकं गाळ टाकून उंच केलेल्या काठावर. त्यामागे सगळी दलदल. दोनशे वर्षं लोक त्या अरुंद उंचवट्यालाच चिकटून राहिले. 1913 च्या सुमारास बाल्डविन वुड या अभियंत्याने प्रचंड क्षमतेचे पंप बनवले आणि दलदल उपसणं शक्य झालं. सरोवरापर्यंत रस्ते गेले, प्लॉट पडले, घरं उठली. मात्र पाणी काढलेली ती काळी माती वाळली की आकसते. जमीन वर्षानुवर्षं खचत गेली आणि आज शहराचा सुमारे निम्मा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. पाऊस पडला की पाणी पंपाने उचलून कालव्यांत टाकायचं, कालव्यांतून सरोवरात सोडायचं. म्हणजे सरोवराचं पाणी चढलं, की तेच कालवे शहराच्या पोटात शिरलेली नळी बनणार.

1923 मध्ये जहाजांसाठी इंडस्ट्रियल कालवा खोदला गेला आणि नाइन्थ वॉर्ड दुभंगला. पलीकडचा तुकडा तो लोअर नाइन्थ वॉर्ड. पुढे तिथे बहुतांश कृष्णवर्णीय कामगार कुटुंबं राहू लागली. या वस्तीबद्दल बाहेर एक गैरसमज पक्का आहे, की ती भाडेकरूंची झोपडपट्टी होती. प्रत्यक्षात तिथल्या निम्म्याहून जास्त कुटुंबांचं घर स्वतःचं होतं, बरेचदा आजोबांनी बांधलेलं. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

आणखी दोन तारखा. 29 एप्रिल 1927: मिसिसिपीला महापूर आला असताना शहर वाचवायचं म्हणून खालच्या अंगाला कारनार्व्हन इथे बांध सुरुंगाने उडवला गेला. सेंट बर्नार्ड आणि प्लॅकमिन्स या शेजारच्या भागांतल्या गरिबांची घरंदारं बुडाली, कबूल केलेली भरपाई बहुतेकांच्या हातात पडलीच नाही. सप्टेंबर 1965: बेट्सी वादळात लोअर नाइन्थ बुडाला आणि ‘यावेळीही बांध उडवला’ ही बोलवा घरोघरी गेली. 2005 मध्ये तीच बोलवा पुन्हा उठली तेव्हा टीव्हीवरचे तज्ज्ञ हसले. बांध कुणी उडवला नव्हता, हे खरं. पण ज्यांच्या आजोबांच्या पिढीने एकदा खरोखर उडवलेला पाहिला होता, त्यांना अफवेबद्दल बोल लावायचा तो कुठल्या तोंडाने?

बेट्सीनंतर अमेरिकी संसदेने शहराभोवती वादळापासून संरक्षण उभारायचं काम लष्कराच्या अभियंता दलाकडे, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे सोपवलं. चाळीस वर्षं ते चालू होतं आणि 2005 मध्येही अपुरंच होतं. मूळ बेत सरोवराच्या तोंडाशी अडथळे बांधायचा होता. पर्यावरणाच्या अहवालावरून 1977 मध्ये न्यायालयाने तो रोखला आणि त्याऐवजी बांध उंच करायचं ठरलं. पाणी उपसणाऱ्या कालव्यांच्या तोंडाशी दारं बसवावीत असं अभियंता दल म्हणत होतं. स्थानिक मंडळांना त्यात उपशाची अडचण दिसली, आणि शेवटी काठांवर काँक्रीटच्या पातळ भिंती उभ्या राहिल्या. त्यांच्या पायातले पोलादी पत्रे मऊ मातीत पुरेसे खोल गेलेले नव्हते.

29 ऑगस्टच्या पहाटे कॅटरिना लुइझियानाच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा त्याचा जोर उतरलेला होता. आदल्या दिवशी आखातात ते पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं होतं, वाऱ्याचा वेग ताशी 280 किलोमीटर. जमिनीवर आलं ते तिसऱ्या श्रेणीचं. वादळाचा डोळा शहराच्या पूर्वेकडून गेला. सर्वांत भयानक लाट मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर आदळली, सुमारे 28 फुटांची. तिथे घरांची नुसती जोती उरली. न्यू ऑर्लिन्सचं मात्र वेगळं झालं. इंडस्ट्रियल कालव्याची भिंत कोसळून लोअर नाइन्थमध्ये पाण्याचा लोंढा घुसला आणि त्याच्यासोबत एक भलामोठा मालवाहू तराफा घरांवर येऊन बसला. सतराव्या रस्त्याच्या आणि लंडन अव्हेन्यूच्या कालव्यांच्या भिंती तर पाणी माथ्यापर्यंत चढायच्या आधीच पायातून सरकल्या. शहराचा 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. बांधव्यवस्था ही फक्त नावापुरती व्यवस्था होती, असं अभियंता दलाच्याच 2006 च्या अहवालाने मान्य केलं. तिथले अनेक रहिवासी म्हणूनच ‘कॅटरिनाचा पूर’ म्हणत नाहीत, ‘केंद्र सरकारचा पूर’ म्हणतात. न्यायालयात मात्र त्याचा उपयोग झाला नाही. पूरनियंत्रणाच्या कामातून झालेल्या नुकसानीला सरकार जबाबदार नाही, असं 1928 चा कायदा सांगतो.

शहर सोडण्याचा सक्तीचा हुकूम महापौर रे नेगिन यांनी दिला तो 28 तारखेच्या सकाळी, वादळाच्या जेमतेम वीस तास आधी. ज्यांच्याकडे गाडी होती ते बहुतेक निघून गेले. सुमारे लाखभर लोकांकडे गाडीच नव्हती. शिवाय महिनाअखेर. पेन्शन आणि मदतीचे चेक एक तारखेला येणार, खिशात पेट्रोलचे किंवा लॉजचे पैसे नाहीत. लोक ‘थांबले’ असं नंतर सर्रास लिहिलं गेलं. तो शब्द मला खटकतो. यातल्या कितीतरी जणांपुढे निघायचा पर्यायच नव्हता. मेलेल्यांमध्ये म्हातारी माणसं सर्वांत जास्त होती. लुइझियानातल्या मृतांपैकी जवळपास निम्मे पंच्याहत्तरी ओलांडलेले.

सुपरडोम स्टेडियमला सरकारी भाषेत ‘शेवटचा आसरा’ म्हटलं होतं. या शब्दाचा प्रशासकीय अर्थ असा, की डोक्यावर छप्पर मिळेल, बाकी व्यवस्थेची हमी नाही. त्या छपराचाही काही भाग वाऱ्याने सोलून नेला. वीज गेली, संडास तुंबले आणि वीसेक हजार माणसं उकाड्यात अडकून पडली. तेवढीच माणसं कन्व्हेन्शन सेंटरवर जमली होती आणि तिथे कित्येक दिवस अन्नपाणीही पोचलं नाही. पायी पूल ओलांडून पलीकडे जाऊ पाहणाऱ्यांना ग्रेटना गावच्या पोलिसांनी बंदुकीच्या धाकाने परत पाठवलं. 4 सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर शहर पोलिसांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, त्यात दोघे गेले. गुन्ह्याची अखेरची कबुली नोंदवली गेली 2016 मध्ये. दुसऱ्या बाजूला तटरक्षक दलाने तेहतीस हजारांवर माणसं वाचवली आणि खासगी होड्या घेऊन आलेल्या मासेमारांनीही छपरांवरून अनेकांना उतरवलं.

मग बसेस आल्या. कित्येकांना बस कुठे चालली आहे तेही सांगितलं गेलं नाही. उतरल्यावर कळलं, हे ह्यूस्टन, हे अटलांटा. एकाच घरातली माणसं तीन राज्यांत विखुरली. बातम्यांत त्यांना ‘रेफ्युजी’ म्हणायला सुरुवात झाली तेव्हा अनेकजण चिडले: आम्ही याच देशाचे नागरिक, निर्वासित कसले?

शोधपथकं दारोदार फिरून प्रत्येक घरावर स्प्रेने फुली मारत होती. फुलीच्या वरच्या कोनात तारीख, डाव्या कोनात पथकाचं नाव, उजवीकडे आत काय धोका आहे ते आणि खालच्या कोनात सापडलेल्या मृतदेहांचा आकडा. बहुतेक दारांवर तो शून्य होता. महिन्या-दोन महिन्यांनी परतलेली माणसं आधी खालचा कोन वाचायची, मग कुलूप उघडायची. आत भिंतींवर काळी बुरशी चढलेली. फ्रिज उघडायची तर सोयच नव्हती. चिकटपट्टीने गुंडाळून ते तसेच रस्त्याच्या कडेला ठेवले जात. शहरभर अशा फ्रिजांच्या रांगा लागल्या आणि लोक त्यांच्यावर राजकारण्यांच्या नावाने टोमणे लिहू लागले.

इथून पुढची लढाई कागदांशी होती. घराच्या साध्या विम्यात वाऱ्याचं नुकसान बसतं, पुराचं नाही. पुराचा विमा 1968 पासून सरकारी योजनेतून वेगळा घ्यावा लागतो आणि घरासाठी त्याची मर्यादा अडीच लाख डॉलर. तेव्हा घर वाऱ्याने पडलं की पाण्याने? मिसिसिपीच्या किनाऱ्यावर जिथे नुसतं जोतं उरलं होतं, तिथे हे सिद्ध करायला दाखवणार काय? खटले वर्षानुवर्षं चालले.

राहायला केंद्रीय आपत्ती संस्थेने, ‘फेमा’ने, लाखाहून जास्त ट्रेलर आणि फिरती घरं विकत घेतली. काही दिवसांत मुलांना खोकला, डोळ्यांची आग. 2008 मध्ये सरकारी तपासणीतूनच स्पष्ट झालं, की प्लायवुडमधून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतोय. पुरातून सुटलेल्यांचं हे आगीतून फुफाट्यात जाणं होतं.

घरबांधणीसाठी लुइझियानाने ‘रोड होम’ ही योजना आणली. कमाल मदत दीड लाख डॉलर. तिचं सूत्र असं: घराची वादळापूर्वीची बाजारकिंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांतली कमी असेल ती रक्कम धरायची आणि तीतून विमा वगैरे वजा करायचा. समजा, सारख्याच आकाराच्या दोन घरांना दुरुस्तीला 1,30,000 डॉलर लागणार आहेत. गोऱ्या वस्तीतल्या घराची किंमत 1,90,000, त्याला पूर्ण खर्च मिळाला. कृष्णवर्णीय वस्तीतल्या घराची किंमत 70,000, त्याला तेवढेच. विटा, लाकूड, गवंडी यांचा दर दोघांना सारखाच. लेकव्ह्यू या गोऱ्या मध्यमवर्गीय वस्तीतही पाणी छपरापर्यंत चढलं होतं, तरी ती उभी राहिली. लोअर नाइन्थमध्ये रस्तेच्या रस्ते गवताखाली गेले, त्याचं एक कारण हे सूत्र. दुसरं कारण वारसनोंद. घर आजोबांच्या नावावर, पुढच्या दोन पिढ्यांनी कागद केलेच नाहीत, मग अर्ज कुणाच्या नावाने करायचा? सूत्राविरुद्ध 2008 मध्ये खटला झाला, 2011 मध्ये तडजोड झाली. तोवर सहा वर्षं उलटली होती.

याच योजनेत घर जमिनीपासून उचलून उंच करायला वेगळे पैसे दिले गेले होते. अनेकांनी ते दुरुस्तीत घातले, कारण राहतं घरच पुरं झालं नव्हतं. राज्याने त्यांच्यावर वसुलीचे दावे लावले. तीन हजारांहून अधिक कुटुंबांवरचे हे दावे थांबले ते फेब्रुवारी 2023 मध्ये.

घर नसलेल्यांची परतीची वाट आणखी अरुंद होती. सार्वजनिक गृहसंकुलांतल्या चार मोठ्या वसाहती पाडायला नगरपरिषदेने डिसेंबर 2007 मध्ये एकमताने मंजुरी दिली. गरिबांचं चॅरिटी हॉस्पिटल पुन्हा उघडलंच नाही. सरकारी शाळांतले सात हजारांहून जास्त कर्मचारी कामावरून गेले, त्यांत कृष्णवर्णीय शिक्षिकांची संख्या मोठी. 2000 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 4,84,674 होती, 2010 मध्ये 3,43,829.

परतलेल्यांच्या गोष्टी मात्र एकसारख्या नाहीत. जानेवारी 2006 मध्ये पुनर्बांधणी समितीच्या नकाशात काही वस्त्यांवर हिरवे ठिपके उमटले, म्हणजे तिथे घरांऐवजी उद्यानं होऊ शकतील. ब्रॉडमूरच्या लोकांनी तो ठिपका वर्तमानपत्रात पाहिला आणि संघटना बांधून वस्ती परत उभी केली. शहराच्या पूर्व टोकाला व्हिएतनामी वस्ती होती. 1975 नंतर देश सोडून आलेल्या त्या माणसांना सगळं गमावून पुन्हा सुरुवात करायची सवय होती. चर्चच्या आधाराने ती लवकर परतली आणि वस्तीजवळ वादळाचा राडारोडा टाकायच्या बेताविरुद्ध 2006 मध्ये रस्त्यावरही उतरली.

मनाचं दुखणं उशिरा बाहेर आलं. मोठ्या आपत्तीनंतर मानसिक त्रास हळूहळू ओसरतो असं साधारण धरतात. हार्वर्डच्या रोनल्ड केसलर यांच्या गटाने कॅटरिनातून वाचलेल्यांची पाहणी केली तेव्हा वर्ष उलटल्यावर तो वाढलेला आढळला.

शहराभोवती आता साडेचौदा अब्ज डॉलरची नवी संरक्षणव्यवस्था आहे. बरोबर सोळा वर्षांनी, 29 ऑगस्ट 2021 ला आयडा वादळ आलं तेव्हा ती टिकली. वीज मात्र कित्येक दिवस गेली आणि काही म्हातारी माणसं बंद घरांत उकाड्याने मेली.

कॅटरिनाच्या बळींचा आकडा बरीच वर्षं 1,833 असा लिहिला जात होता. 2023 मध्ये राष्ट्रीय हरिकेन केंद्राने तो सुधारून 1,392 केला. त्यांतले 520 थेट वादळात गेले, 565 वादळाच्या परिणामांनी. उरलेल्या 307 जणांपुढे ‘अनिश्चित’ असं लिहिलेलं आहे.