कचेरीतील कामाची मोजदाद : पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानात हळदीचा सौदा झाल्यावर दिवाणजी जी हिशेबपट्टी करतात, तिचे आकडे आज अनेकदा तीन ठिकाणी भरावे लागतात : हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक्सेलच्या तक्त्यात आणि शेतकऱ्याला पाठवायच्या व्हॉट्सॲप निरोपात. यांत वेळ कुठे जातो, चूक कोणत्या पायरीवर शिरते आणि नव्याने लागलेल्या मुलाला आधी काय शिकवावे, हे मालकाला सहसा सांगता येत नाही, कारण त्याच्यासमोर येते ती तयार झालेली पट्टी. संगणकावर कोणती खिडकी किती वेळ उघडी होती, मजकूर कुठून उचलून कुठे चिकटवला, एकाच पडद्यावर कितीदा परत यावे लागले, याच्या नोंदी ठेवणारी सॉफ्टवेअरे आता मासिक वर्गणीवर कोणत्याही गावातल्या कचेरीला मिळतात. या नोंदींवरून कामाची रीत सुधारावी आणि कर्मचाऱ्याला नेमके मार्गदर्शन करावे, ही कल्पना मात्र संगणकाहून बरीच जुनी आहे आणि तिच्याविषयीचा संशयही तितकाच जुना आहे.

तिचा उगम कारखान्यात आहे. अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी अमेरिकेत १८८० च्या दशकात मिडव्हेल पोलाद कारखान्यात घड्याळ हातात घेऊन कामाचे तुकडे मोजायला सुरुवात केली आणि १९११ साली आपली तत्त्वे पुस्तकरूपाने मांडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात एका साचेकाराने आपले काम घड्याळावर मोजू देण्यास नकार दिला, त्याला काढून टाकताच ओतशाळेतील सहकारी बाहेर पडले आणि प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे गेले. १९१५ पासून काँग्रेसने लष्कराच्या खर्चाच्या मंजुरीलाच अट जोडून सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉचच्या वापरावर बंदी घातली आणि हे बंधन १९४९ पर्यंत टिकले. मला हा प्रसंग या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. मोजमापात काही दोष निघाला म्हणून ते कामगार बाहेर पडले नव्हते; त्यांना न विचारता मोजणी सुरू झाली होती आणि तिच्यावरून त्यांची मजुरी ठरणार होती, हे त्यांना सहन झाले नाही.

याच काळात फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने वेगळी वाट धरली. वीट रचण्याच्या कामाचे बारीक निरीक्षण करून फ्रँक यांनी एका विटेमागच्या १८ हालचाली ५ वर आणल्या आणि त्यासाठी गवंड्याला घाई करायला लावली नाही, तर विटा त्याच्या हाताच्या उंचीवर येतील अशी फळ्यांची रचना केली. डेस्कटॉपवरील नोंदींचा जो उपयोग मला खरा वाटतो, त्याचे मूळ या फळीत आहे.

कचेरीत ही पद्धत विल्यम लेफिंगवेल यांनी आणली. त्यांचे पुस्तक १९१७ चे आहे आणि त्यांच्या पिढीत टंकलेखन यंत्रावर किती कळा दाबल्या गेल्या हे मोजण्यापर्यंत मजल गेली होती. आपल्याकडे टेलर यांच्या पुस्तकाच्या आदल्याच वर्षी, १९१० मध्ये, तेव्हाच्या औंध संस्थानात आणि आताच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसली. पुढे या भागात कारखाने आले तसे मस्टर आणि टाइम ऑफिस हे शब्द घरोघरी रुळले. कचेरीत मात्र हजेरीपलीकडे मोजणी फारशी गेली नाही. बँकांत संगणक आले ते १९८० च्या दशकात, बँकांच्या संगणकीकरणासाठी नेमलेल्या रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर आणि कर्मचारी संघटनांशी करार करून. त्या वाटाघाटींत मुख्य काळजी नोकऱ्या टिकण्याची होती. अमेरिकेत तोवर पाळतीचा प्रश्न उभा राहिला होता आणि संगणकाकरवी कळांचे ठोके व फोनवरील वेळ मोजण्याच्या प्रथेवर तेथील काँग्रेसच्या तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालयाने १९८७ साली स्वतंत्र अहवाल दिला होता.

आजच्या साधनांचा जवळचा पूर्वज आहे तो नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे. तेथील संगणकशास्त्रज्ञ विल व्हान डेर आल्स्ट यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून असा विचार मांडला की संगणक प्रणालीत प्रत्येक प्रकरणाचा क्रमांक, त्यावर झालेली क्रिया आणि तिची वेळ एवढे तीनच तपशील असले, तरी काम प्रत्यक्षात कोणत्या वाटेने गेले याचा नकाशा काढता येतो. या शास्त्राला प्रोसेस मायनिंग म्हणतात आणि २०११ साली त्याचा जाहीरनामाही निघाला. त्यातील उणीव अशी, की मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलेलेच या नकाशात दिसते. पतसंस्थेतील कारकुनाने कर्जप्रकरण दाखल करण्यापूर्वी सातबारा, पगारपत्रक आणि जामीनदाराची माहिती जुळवण्यात घालवलेली दुपार त्यात उमटत नाही. डेस्कटॉपवरील नोंदी, म्हणजे टास्क मायनिंग, मुख्य प्रणालीत न उमटणाऱ्या या अदृश्य कामासाठी आल्या.

नोंद हाती आली की तिच्यावरून माणसाची किंमत करण्याचा मोह होतो. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये उत्पादकतेचा गुणांक देणारी सोय आणली, तेव्हा व्यक्तिगणिक आकडे दाखवण्यावर एवढी टीका झाली की १ डिसेंबरला कंपनीने त्यातून नावे काढत असल्याचे जाहीर केले. २०२४ साली अमेरिकेतील एका मोठ्या बँकेने कीबोर्डची बनावट हालचाल दाखवल्याबद्दल डझनभराहून अधिक कर्मचारी काढले. हालचाल हेच कामाचे माप ठरले की माणसे हालचालच पुरवू लागतात.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या प्रयोजनासाठी कर्मचाऱ्याच्या वेगळ्या संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा आहे. म्हणजे संमती घ्यायची की नाही, हा निर्णय बऱ्याच अंशी संचालक मंडळाच्या सद्बुद्धीवर राहतो. माझ्या मते ती घ्यावीच आणि नोंदणीची मुदत, तिचे कारण व ती कोण पाहणार, हे मराठीत लिहून सही करण्यापूर्वी वाचायला द्यावे.

अडत दुकानाच्या उदाहरणात दोन आठवड्यांच्या नोंदी पुरतील. त्या आधी दिवाणजींनी स्वतः पाहाव्यात आणि मग अनुभवी माणसाने त्यांच्या शेजारी बसून पाहाव्यात. समजा असे दिसले, की प्रत्येक पट्टीच्या वेळी ते शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक शोधायला जुन्या फायलीत परत जातात, तर दिवाणजींना वेगाचे धडे देण्याचे कारण उरत नाही. खाते क्रमांकांची यादी सॉफ्टवेअरमध्ये एकदाच भरून घ्यावी लागते.